इंटरनेटचे गुन्हे : कायदा नव्हे, तपास तोकडा

महोदय,

इंटरनेटवर मोठा गुन्हा घडला की ‘जुने कायदे कालबाह्य झाले, नवा कायदा करा’ अशी मागणी लगेच सुरू होते. ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातली गत आहे.

फसवणूक, खंडणी, धमकी, बदनामी यांच्या जुन्या व्याख्या इंटरनेटलाही बहुतांशी लागू पडतात. नेदरलँड्समध्ये दोघांनी एका मुलाला मारहाण करून ‘रूनस्केप’ या ऑनलाइन खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा हिसकावला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १८८१च्या दंडसंहितेखालीच ती चोरी ठरवली. जुना कायदा तोकडा पडल्याचीही उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये दुसऱ्याचा पासवर्ड वापरून ‘प्रेस्टेल’ या संगणकीय माहितीसेवेच्या यंत्रणेत शिरलेले दोघे १९८८ मध्ये सुटले, कारण बनावटगिरीच्या कायद्यात ते कृत्य बसेना. १९९० मध्ये तिथे संगणक गैरवापराचा कायदा आला. अशा फटी मोजक्या असतात आणि त्या बुजवता येतात.

घोडे अडते ते तपासात. आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीला मिळणारा क्रमांक) आणि तारीख कळवली की इंटरनेट कंपनी ग्राहकाचे नाव देईल, असा समज आहे. पण आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे असल्याने मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. त्यातून नेमका माणूस शोधायचा तर सोर्स पोर्टचा (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखू देणारा) क्रमांक, सेकंदापर्यंतची वेळ आणि टाइम झोन हे तिन्ही लागते. टाइम झोन लिहायचा राहिला की भलत्याच्याच दारात पोलिस उभे राहतात. आणि मुळात अनेक वेबसाइट आपल्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये, पोर्ट नोंदवतच नाहीत; तिथे माग कायमचा तुटतो. शिक्षा कितीही वाढवली तरी हा तुटलेला माग जोडला जात नाही.

सर्व्हर परदेशात असेल तर सरकारांमधल्या पत्रव्यवहारात महिने जातात आणि तोवर लॉग पुसले जातात. सायबर गुन्ह्यांवरील २००१च्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट कराराने यावर चांगली वाट काढली आहे : दुसऱ्या सदस्य देशाने विनंती करताच माहिती किमान ६० दिवस गोठवायची, ती सोपवायची की नाही ते रीतसर अर्ज आल्यावर ठरवायचे. गोठवणे म्हणजे सोपवणे नव्हे, म्हणून खासगीपणही बऱ्यापैकी राखले जाते.

नवा कायदा करायचाच असेल तर त्यात पोर्टची नोंद सक्तीची करावी, लॉग ठेवण्याची मुदत ठरवून द्यावी आणि ती संपली की ते पुसण्याचेही बंधन घालावे.

– एक वाचक