आईची बैठक आणि तुझी मागची खोली

बडोदे,
दि. ८ जुलै

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. घरामागची अडगळीची खोली रिकामी करून तिथे सुतारकामाची जागा करण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून मला किती आनंद झाला ते कसे सांगू! टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) घ्यावा का, विजेचा रंधा किती इंची असावा, लाकूड कोणते आणावे, असे तुझे बरेच प्रश्न आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे मी पुढे देतो. पण गेल्या अकरा वर्षांत घरच्यांसाठी जे काही केले त्यावरून माझे मत असे झाले आहे, की पहिला प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा आहे. पहिली वस्तू तू कोणासाठी करणार आहेस? ते माणूस ठरले की त्याच्या अंगाचे माप घ्यावे लागते, आणि लाकूड, जोड, जाडी, उंची ही सगळी त्या मापातून हळूहळू ठरत जातात. मी आईसाठी देवापुढे बसायची बैठक केली तेव्हा हे मला नीट समजले, म्हणून ती हकिगत सविस्तर लिहितो.

आईला आता ८६वे वर्ष चालू आहे. आमच्या दांडिया बाजारातल्या घरातला देव्हारा तुला आठवत असेल. तो जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होता आणि लग्न होऊन आल्यापासून आई त्याच्यापुढे पाटावर मांडी घालून बसत आली. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे वाकेनासे झाले. तिने तक्रार केली नाही, ती उभ्यानेच वाकून फुले वाहू लागली, आणि ते पाहणे मला फार जड जात होते. मी बाजारातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तर तिचे पाय जमिनीला टेकेनात आणि हात देवापर्यंत पोहोचेना. बाजारातल्या खुर्च्यांची बैठक साधारण १७-१८ इंच उंच असते, आणि आई आहे चार फूट नऊ इंच.

मग मी बांबूची एक पातळ पट्टी घेतली आणि तिच्यावर पेन्सिलने आईची मापे मांडली. गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंत १४ इंच ६ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पाठीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी, बसल्यावर कोपर किती उंचीवर येते, आणि हात सहज पुढे केला तर बोटे कुठवर जातात, एवढ्या खुणा त्या पट्टीवर आहेत. टेपने मापे घेऊन आकडे वहीत लिहिण्यापेक्षा ही पट्टी मला अधिक विश्वासाची वाटते, कारण आकडा उतरवताना चूक होते आणि पट्टी थेट लाकडावर ठेवून खूण करता येते. त्यानंतर फळ्यांचे तुकडे एकावर एक रचून मी तिला निरनिराळ्या उंचीवर बसवून पाहिले. पावणेपंधरा इंचांवर बसायला सोपे जात होते, पण उठताना दोन्ही हातांनी जोर द्यावा लागे. १६ इंचांवर उठणे सोपे झाले, पण टाचा किंचित उचलल्या जात होत्या. शेवटी साडेपंधरा इंच ठरले आणि बैठकीची पुढची कड मी रंध्याने गोल मारली, म्हणजे मांडीखाली ती रुतत नाही.

बैठकीच्या हातांचा विचार करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. उठताना माणूस हाताची पकड घेतो ती गुडघ्यांच्या रेषेत, त्यामुळे मी दोन्ही हात बैठकीच्या पुढे दीड इंच आणले. टोकाला गोल मूठ करायची होती, पण संधिवाताने आईची बोटे पूर्ण मिटत नाहीत. मी तिला कणकेचा गोळा दिला आणि उठताना धरशील तसा दाब म्हटले. त्या गोळ्यावर तिच्या बोटांचे चार वळसे आणि अंगठ्याच्या बुडाचा खोलगट ठसा उमटला. कणीक सुकायच्या आत, ती समोर ठेवून, मी कानशीने सागवानाच्या टोकाला तोच आकार देत गेलो. उजव्या आणि डाव्या हातांचे ठसे निराळे आले, त्यामुळे मुठीही निराळ्या झाल्या. देव्हाऱ्याखाली चौरंग करून तो २२ इंचांवर घेतला आणि त्यात वाती, कापूर ठेवायला एक खण केला. खणाला गोल मूठ न लावता खालून बोटे घालून ओढता येईल अशी रुंद कड ठेवली. पहिल्या दिवशी पूजा झाल्यावर आईने त्या मुठींवर तळवे ठेवून सबंध अथर्वशीर्ष म्हटले. उभ्याने तिचे ते अर्ध्यावर थांबत असे.

पाय आणि आडव्या पट्ट्यांचे सगळे जोड मी भोक आणि कुसू (एका लाकडात भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात घट्ट बसणारी जीभ) असेच केले, एकही स्क्रू वापरला नाही. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवावी, हा जुना नियम मला अजून सोडावासा वाटलेला नाही. ज्या वस्तूवर माणूस रोज उठबस करते तिच्यातला स्क्रू काही वर्षांत हलू लागतो. घट्ट बसलेले कुसू हलत नाही.

आता लाकडाबद्दल. माझ्याकडून झालेली एक चूक तुला सांगितलीच पाहिजे, म्हणजे तू ती करणार नाहीस. सुरुवातीच्या काळात एका लातीतून (इथे वखारीला लातीच म्हणतात, हे तू विसरला नसशील) मी पूर्ण सुकलेले म्हणून सागवान आणले आणि मुलीच्या केळवणासाठी १६ इंच रुंदीचा पाट केला. खाली दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल आणि स्क्रूने पक्क्या बसवल्या. ते दिवस पावसाळ्याचे होते. पुढच्या मे महिन्यात एका दुपारी माडीवर फटाका फुटावा तसा आवाज आला. जाऊन पाहतो तर पाट मधोमध, एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत, चिरलेला. केळवणाचा पाट असा तडकलेला पाहून मला जे वाईट वाटले ते अजून आठवते. वखारवाल्याने ओले लाकूड सुके म्हणून दिले हे खरे, पण निम्मी चूक माझी होती.

फळी लांबीत जवळजवळ मुळीच कमीजास्त होत नाही, पण रुंदीत हवेतल्या दमटपणाप्रमाणे ती फुगते आणि आकसते. ओंडक्याच्या वलयांच्या दिशेने हा फरक सर्वांत जास्त असतो आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण त्याच्या निम्मा. सागवान या बाबतीत शांत लाकूड आहे. तरी आता माझ्याकडे जो १६ इंची पाट आहे त्याची रुंदी मी दोन वर्षे मोजली, तर मे आणि ऑगस्ट यांत एक सुताहून थोडा जास्त फरक येतो. आपल्या बडोद्याचा उन्हाळा आणि पावसाळा यांत हवा किती पालटते ते तू जाणतोसच. आडवी पट्टी मात्र तिच्या लांबीत बसवलेली असते, ती जागची हलत नाही, आणि फळीला आकसायला वाव राहिला नाही की ती फुटते.

आजोबांचा जेवणाचा पाट, जो साठ वर्षांत कुठेही तडकलेला नाही, मी त्यानंतर उलटा करून पाहिला. त्याच्या पट्ट्यांना ना खिळा होता ना सरस. फळीच्या पोटात तिरप्या कडांची खाच काढली होती, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, आणि पट्टी एका बाजूने त्या खाचेत सरकवत नेली होती. फळीला वाकू न देता आकसू द्यायचे, एवढे काम ती पट्टी करते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या कलाभवन या तंत्रशाळेत आजोबांचे शिक्षण झाले होते, आणि हाताने काम करणाऱ्याला त्या कामामागचे शास्त्र कळले पाहिजे असे ते नेहमी म्हणत. ते हयात असताना मी त्यांना एकदाही विचारले नाही, की पाटाच्या पट्ट्या अशा का बसवल्या. ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

त्या प्रसंगानंतर मी नवे लाकूड जपूनच घेतो. शक्य असेल तेव्हा पाडलेल्या घरांचे सागवान आणतो. आपल्या जुन्या पोळींमधली (अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमधली) लाकडी घरे एकेक करून पाडली जात आहेत. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात गेलो की तिथले खांब आणि तुळया पाहून, इतके लाकूड एकेकाळी शहरभर होते, या विचाराने मन भरून येते. निदान जे उतरते ते जळाऊ म्हणून जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे. असे लाकूड अनेक दशके सुकलेले असते, त्यामुळे ते फारसे दगा देत नाही. पण करवत लावण्याआधी त्यावरून सावकाश लोहचुंबक फिरव, कारण रंगाखाली तुटलेले खिळे असतात. सागवान तेलकट असते, म्हणून जोड चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून घे, नाहीतर फेविकॉल नीट धरत नाही.

नातवासाठी दर उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, मी काहीतरी करतो. यंदा त्याच्या हाताच्या मापाची फिरकी केली. बाजारातल्या फिरकीचा दांडा त्याच्या तळहातांना जाड पडत होता आणि मांजा गुंडाळताना त्याचे मनगट दुखे. दोन्ही चकत्या पॅकिंगच्या खोक्याच्या चिडाच्या (पाइनच्या लाकडाच्या) केल्या, पण दांड्यासाठी खराद (लाकूड फिरवून गोल कातायचे यंत्र) हवा होता, म्हणून मी डभोईच्या पुढे संखेड्याला गेलो. तिथल्या खराद्याने चालू खरादावर सागाच्या दांड्याला लाखेची कांडी दाबून धरली; घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून दांड्यावर पसरत गेली, आणि मग केवड्याच्या पानाने त्याने ती चमकवली. संखेड्याच्या झोपाळ्यांवर जी सोनेरी नक्षी आपण लहानपणापासून पाहिली तिच्यात सोने नसते. कथलाच्या रुपेरी रंगावर लाखेचा पिवळसर थर बसला की ती सोनेरी दिसते. मी दोन तास तिथून हललो नाही.

आता तुझी खोली. टेबल सॉ इतक्यात घेऊ नकोस. खोली लहान आहे आणि तू एकटा काम करणार आहेस. पात्याने फळी मागे फेकली तर बाजूला व्हायलाही जागा नाही. बारीक दात्यांची एक चांगली करवत, एक रंधा, पाव, अर्ध्या आणि एक इंचाची पटाशी (छिन्नी), काटकोन पाहायला गुण्या, समांतर रेघा मारायला खतकस, लाकडी हातोडा म्हणजे मोगरी आणि जोड आवळून धरायला चार शिकंजे, एवढ्यावर मी आईची बैठक केली. हत्यारांवर वाचवलेल्या पैशातून धार लावण्याचे दगड चांगले घे. पटाशीची धार २५ अंशांवर घासून टोकाला ३० अंशांची बारीक कड दे, आणि चिडाच्या तुकड्याच्या उभ्या टोकावर चालवून बघ. तंतू न चुरडता तुळतुळीत कापले गेले तर धार झाली. कामाच्या टेबलाची उंची माझ्या टेबलावरून ठरवू नकोस. सरळ उभा राहा, हात सैल सोड आणि मनगटाची घडी येते तिथवर टेबल कर, म्हणजे रंधा मारताना पाठीवर ताण येणार नाही. खिडकी तुझ्या डाव्या हाताला येईल असे ते ठेव.

दोन गोष्टींबाबत मी तुला आग्रहाने सांगतो. सागाचा बारीक भुसा छातीत जाऊ देऊ नकोस, घासकाम करताना मास्क हवाच. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या कधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस; ते तेल सुकताना तापते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या अंगणात पसरून वाळव, मगच टाक.

पहिले काम कोणते करावे हे तू विचारले नाहीस, पण तुझ्याच पत्रात ते लिहिलेले आहे. वहिनींची भाजी चिरताना कंबर दुखते असे तू लिहितोस. विळी सुटली आणि त्या ओट्यावर उभ्याने चिरू लागल्या, पण त्या उंच आहेत आणि तुमचा ओटा त्यांना खाली पडतो. चिरण्याची फळी कोपराच्या तीन-चार इंच खाली असावी. ओट्याची आणि त्या जागेची जी तफावत येईल तेवढ्या उंचीचे पाय असलेला पाट त्यांच्यासाठी कर. चिरण्याच्या फळीला सागवान मात्र नको. त्यात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो आणि सुरीची धार लवकर जाते. माझ्याकडे १२ इंच रुंदीची शिसवीची सुकी फळी आहे, ती मी तुला पाठवतो. पायांच्या पट्ट्या सरकत्या खाचेत बसव, आजोबांच्या पाटासारख्या. खाचेचे चित्र काढून फळीसोबत ठेवीन. तिला पॉलिश करू नकोस. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळते, ते कोमट करून दोन-तीन वेळा चोळ, पुरे होईल.

माप घेताना वहिनींना घरात वापरतात त्या चपला घालून उभे राहायला सांग, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची आणि ओट्यापर्यंतची अशा दोन्ही उंची एकाच पट्टीवर खुणा करून ठेव. ओट्याच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंतची खोलीही कळव, म्हणजे फळी किती लांबीवर कापायची ते मला समजेल. वहिनींना माझा नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा