जप्तीआधी नोटीस हवीच, छापील फॉर्मवर सही घेऊन ती टाळू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एअरपोर्टवर कस्टमने सोनं पकडलं अशा बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात, तस्करी होतेच आणि ती पकडायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण माल पकडल्यावर पुढे काय होतं यावर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझी मावशी परदेशातून परत येत होती तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या काढून घेतल्या. रात्रीची वेळ, लांबचा प्रवास झालेला, बाहेर घ्यायला आलेली माणसं ताटकळलेली, आणि काउंटरवर एक इंग्रजी छापील कागद पुढे केला, इथे सही करा म्हणजे लवकर मोकळ्या व्हाल. तिने सही केली. त्या कागदात लिहिलेलं होतं की मला लेखी नोटीस नको, सुनावणी पण नको, सगळं तोंडी समजावून सांगितलंय. हे आम्हाला कळलं ते काही महिन्यांनी थेट जप्तीची, म्हणजे बांगड्या कायमच्या सरकारजमा करायची ऑर्डर घरी आली तेव्हा, कारण ऑर्डरमध्ये त्याच सहीचा आधार घेतलेला. मावशीला तर आपण कशावर पाणी सोडतोय याची कल्पनाच नव्हती.

आता कायदा काय म्हणतो बघा. सीमाशुल्क कायदा 1962 चं कलम 124 स्पष्ट आहे, माल जप्त करायचा किंवा दंड लावायचा तर आधी कारणं देऊन लेखी नोटीस द्यायची, लेखी उत्तर द्यायची संधी द्यायची आणि म्हणणं ऐकून घ्यायचं. नोटीस तोंडी चालते, पण ती त्या माणसाने स्वतः तशी विनंती केली तर. छापील फॉर्म ऑफिसने तयार केला आणि प्रवाशाने फक्त खाली सही केली तर ती विनंती कशी काय झाली? दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये हेच सांगितलंय, अशा छापील फॉर्मवरच्या सहीने नोटीस आणि सुनावणीचा हक्क जात नाही, आणि अशा प्रकरणांतल्या जप्तीच्या ऑर्डरी रद्दही केल्यात.

काहीजण म्हणतील की नोटीस हा नुसता कागदी सोपस्कार आहे. सोन्याच्या बाबतीत तर तसं अजिबात नाही. कलम 123 प्रमाणे अधिकाऱ्याला वाजवी संशय असेल तर ते तस्करीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर येते. मग ज्याने सिद्ध करायचं त्याला संशय नेमका कशावरून आला ते तरी कळायला नको का? जुनी पावती, लग्नातला त्याच बांगड्या घातलेला फोटो, हे कुणी बॅगेत घेऊन फिरत नाही, ते घरी कपाटात असतं आणि शोधून द्यायला वेळ लागतो, तो वेळ म्हणजेच नोटीस. शिवाय माल प्रतिबंधित ठरवला की नाही यावर कलम 125 मधला दंड भरून तो सोडवायचा पर्याय अवलंबून असतो, म्हणजे प्रतिबंधित नसेल तर हा पर्याय द्यावाच लागतो आणि असेल तर ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. इतका मोठा फरक पडणारा मुद्दा समोरच्याचं न ऐकताच कसा ठरवणार?

आणि यात घाई कसली हेच समजत नाही, माल तर त्यांच्याच गोदामात आहे, तो कुठे पळून जाणार नाहीये.

मुदतीचं पण तसंच. कलम 110 प्रमाणे माल ताब्यात घेतल्यापासून 6 महिन्यांत नोटीस दिली नाही तर तो परत द्यायचा असतो. आयुक्तांना अजून 6 महिने वाढवता येतात, आधी सर्वोच्च न्यायालयाने 1971 आणि 1989 च्या निकालांत ही मुदत वाढवण्यापूर्वी मालकाचं ऐकलं पाहिजे असं धरलं होतं, 2018 च्या दुरुस्तीनंतर आता लेखी कारण नोंदवून मुदत संपायच्या आत कळवलं की पुरतं. ही दुरुस्ती मला स्वतःला पटत नाही, पण निदान कळवायचं तरी आहे ना. सही घेऊन नोटीसच टाळली तर हा सगळा हिशोबच निघून जातो.

माझी मागणी एवढीच आहे की हे छापील फॉर्म सगळ्या एअरपोर्टवरून लेखी आदेश काढून बंद करावेत, कोर्टात गेलेल्या एकेका प्रवाशापुरते नकोत. ताबा पावती प्रवाशाला वाचता येईल अशा भाषेत द्यावी आणि त्यावर नोटीस कधीपर्यंत येईल ती तारीख लिहावी. नोटीस आणि नंतरची ऑर्डर ईमेलवरही पाठवावी, कारण परदेशात राहणाऱ्याच्या इथल्या पत्त्यावर टपाल पडून राहतं आणि तोवर ऑर्डरविरुद्ध अपिलाचे 60 दिवस उलटतात.

तोपर्यंत वाचकांना एक विनंती, असा कागद समोर आला तर सही करायच्या आधी पूर्ण वाचा, समजला नाही तर तसं सांगा, आणि सही करावीच लागली तर वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा की मला लेखी नोटीस आणि सुनावणी हवी आहे, मग त्याची प्रत मागून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक