चि. मंदारला, गुरुवारच्या आधी

सदाशिव पेठ, पुणे
सोमवार, रात्री

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू वाटीतलं श्रीखंड तसंच टाकून उठलास आणि लिफ्टचीही वाट न बघता जिना उतरलास. बाबा म्हणाले, "जाऊ दे, ऑफिसचं टेन्शन असेल." मी गप्प बसले. फोन केला तर तू नुसतं हं हं करणार, म्हणून लिहितेय. पत्र डब्यांच्या पिशवीत ठेवते. गवारीची भाजी आधी फ्रीजमध्ये टाक, मग वाच.

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलेय. एकच सांगते. गुरुवारी ऑफिसातल्या त्या मुलीच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत साक्ष द्यायला समितीपुढे जाशील, तेव्हा 'मला नीट आठवत नाही' असं म्हणू नकोस.

त्या मुलीचं नाव तू आम्हाला सांगितलं नाहीस, ते बरंच केलंस. सांगायचं नसतंच म्हणे. मी वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना विचारून आले. घाबरू नकोस, 'एका मैत्रिणीच्या मुलाचं आहे' म्हटलं. त्या हसल्या, पण सगळं सांगितलं. तक्रार करणारीचं, ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं आणि साक्षीदाराचंही नाव बाहेर फोडायला कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने बंदी आहे. समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, एक माणूस बाहेरचा हवा, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. तुम्ही त्या कायद्याला पॉश म्हणता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कोरेगाव पार्कातलं एखादं हॉटेलच वाटलं होतं.

तू म्हणालास, "आई, तेवढं काही झालं नव्हतं, तीही जरा जास्तच करते." तेव्हा सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तुझ्या लक्षात आलं का? तेवढं काही झालं नव्हतं, तर 'तेवढं' म्हणजे केवढं, ते तू पाहिलेलं आहेस. मग आठवत नाही कसं?

बघ, सुरू झालं माझं. चुकलं.

आपल्याकडचा तो उभा स्टीलचा डबा आठवतो? झाकणावर दुसऱ्याच बाईचं नाव कोरलेला. पाचवी-सहावीत तू त्यातून पोळीभाजी न्यायचास आणि विचारायचास, हे कुणाचं नाव? मी म्हणायचे, भांड्यांच्या दुकानात बदललं असेल. खोटं होतं ते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची ती. १९९०ची गोष्ट, तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षीची. दुपारी रेकॉर्डच्या कपाटापाशी ती फाईल काढत होती आणि आमचे साहेब मागून येऊन उभे राहिले. जागा भरपूर होती, मंदार. पलीकडून जायला भरपूर जागा होती. तिच्या हातातली टाचण्यांची डबी पडली. ते गेल्यावर आम्ही दोघी खाली बसून टाचण्या वेचत राहिलो. ती वेचताना बोटाला टोचून घेत होती, आणि मी म्हणाले, "लोहचुंबक आणू का?"

तिने अर्ज दिला. तेव्हा ना कायदा ना समिती. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही शेजारीच बसता, काही पाहिलंत का?" मी म्हणाले, "टायपिंग करत होते साहेब, लक्ष नव्हतं." एवढंच. माझ्या कन्फर्मेशनला दोन महिने राहिले होते, आणि माईंच्या औषधांचं तुला माहीतच आहे. तिची बदली इंदापूरला झाली. डबा माझ्याकडे राहिला होता. रिकामा कसा परत करायचा म्हणून लाडू करून ठेवले, आणि ती गेली ते कळलंच नाही मला. लाडू आम्हीच खाल्ले.

कामाच्या जागी बायकांचा छळ रोखण्यासाठी सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला १९९७ला. तू पहिलीत होतास. पेपरात भंवरीदेवीबद्दल वाचलं. राजस्थानातली बाई, सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेली, त्याचा सूड म्हणून तिच्यावर बलात्कार झाला, आणि खालच्या कोर्टात बलात्काराच्या आरोपातून ते लोक सुटले. तिच्या प्रकरणावरून बायकांच्या संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या, म्हणून आज तुमच्या ऑफिसात ती समिती बसते. मी पेपर घडी करून ठेवला आणि तुझा तोच डबा भरला.

चौथीत ३ जानेवारीला तू सावित्रीबाईंवर भाषण केलं होतंस. शेणाचे गोळे, पिशवीतलं दुसरं लुगडं, सगळं हातवारे करून. कंपासपेटी मिळाली होती. मी शेवटच्या रांगेत बसून रडले होते, अभिमानानेच. पण तेव्हापासून मनात येतं, शेण मारणारे थोडेच असतील, बाकीचा रस्ता काय करत होता? दगडूशेठसमोरच्या भिडे वाड्यावरून मी वर्षानुवर्षं कचेरीत गेले. १८४८ला मुलींची शाळा तिथे सुरू झाली, हे ठाऊक असून कधी मान वर केली नाही. खाली दुकानं, गर्दी, उशीर. आता तो वाडाही पाडला, स्मारकासाठी.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, एप्रिलमधलं प्रमोशन, आणि तो माणूस तुझ्या साहेबांचा खास. रात्री तीनला उठून मीच हिशेब करत बसते. माझी एफडी जूनमध्ये सुटते, वेळ आलीच तर ती आहे. बाबांना हे बोलू नकोस. पण खरं सांगू, तू गेलास तर नोकरीची काळजी आणि नाही गेलास तर दुसरी, आणि दुसरीवर एफडी चालत नाही.

दोष तुझा एकट्याचा नाही. तुझं ताट मी उचललं. ताईला तिचं उचलायला लावलं, वर तुझंही. ती भांडायची तेव्हा 'तो लहान आहे' म्हणायचे. चार वर्षांनी लहान! दहावीत गेलास तरी लहानच होतास. ताईची माफी मागायची आहे, ती निराळी.

समितीपुढे सगळं छान बोलायला पाहिजे असं नाही. अडखळलास तरी चालेल. काय पाहिलंस, कुठे उभा होतास, किती वाजले होते. पण आठवत नाही म्हणू नकोस रे. परत तेच लिहिलं. खोडत नाही आता.

बुधवारी रात्री फोन करू नकोस, मग मला झोप लागत नाही. गुरुवारी झालं की कर, दुपारची झोपलेली असले तरी कर. सूनबाईचा निळा टिफिन माझ्याकडे राहिलाय, या पिशवीत घातलाय. त्यात चकल्या आहेत, तिच्यासाठी. तू सगळ्या खाऊ नकोस.

तुझी
आई