ओल चालेल, गारठा नको

आंजर्ले,
२० मे

प्रिय सुध्या,

परवा तुझा फोन ठेवला आणि मला लवकर झोप लागली नाही. चिनूसाठी पुण्याहून आफ्रिकन कासवाची दोन पिल्लं येणार, तीही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तू हौसेनं काचेची टाकी, लाल बल्ब आणि खाद्याचा डबा आणून ठेवलास. वहिनी जेवायला हाक मारत होत्या म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. शिवाय फोनवर सांगितलं की निम्मं विसरायला होतं. म्हणून हे लांबलचक पत्र. वाचून झालं की पिल्लांच्या पेटीजवळ खिळ्याला अडकवून ठेव.

अशीच टाकी, असाच बल्ब मी २०१९ मध्ये आणला होता. आमच्या भीमाची पाठ तू पाहिली आहेस. कवचाचा एकेक खण पिरॅमिडसारखा वर आलाय. दिवाळीत आलास तेव्हा ती नक्षी छान दिसते म्हणालास आणि मी गप्प राहिलो. ती नक्षी नाही रे. पहिल्या दोन वर्षांत मी त्याला चुकीच्या घरात ठेवलं, त्याची ती खूण आहे, आणि तो जिवंत असेपर्यंत ती जाणार नाही. हे कासव सत्तर वर्षं सहज जगतं. भीमाची पाठ माझ्यानंतरही कुणीतरी पाहणार आहे.

मला तेव्हा कुणी सांगितलं होतं की हा वाळवंटातला प्राणी, त्याला पाणी लागत नाही, कोरडं ठेवा. मी विश्वास ठेवला. खाली वर्तमानपत्र, वर शंभर वॉटचा बल्ब रात्रंदिवस. बाहेर आपल्या कोकणात भिंतींना ओल येतेय आणि टाकीत बल्बखाली पापड वाळावेत अशी हवा! खरी गोष्ट अशी की ही जात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या सहेल पट्ट्यातली, सेनेगलपासून पार इथिओपियापर्यंतची. तिथला उन्हाळा ती कासवं जमिनीत खोल बीळ करून काढतात, आणि त्या बिळातली माती ओलसर असते. म्हणजे पिल्लू वाढतं ते उबदार ओलीत, वरच्या तापलेल्या वाळूत नाही. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी याच जातीची पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात वाढवून पाहिली. कवच वर येण्यात खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा वाटा कितीतरी मोठा निघाला. त्याआधी सगळे खाण्याला दोष देत होते. मीसुद्धा भीमाचं खाणं कमी केलं होतं, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

मग तुला वाटेल, कोकणात ओलीला काय तोटा! तिथंच गोम आहे. आपल्याकडे ओल फुकट मिळते, ऊब मिळत नाही. जुलैत पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, पहाटे पारा तेवीस-चोवीसवर येतो, सगळं गच्च भिजलेलं. माणसाला ती हवा छान वाटते. पिल्लाला ओलीत गारठा मिळाला की आठवड्यात नाक वाहायला लागतं, नाकाशी बुडबुडे येतात, तोंड उघडं टाकून श्वास घेतं आणि छातीत कफ भरतो. या पत्रातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंस तरी पुरे: ओल चालेल, गारठा नको.

आता पेटी. काचेत ठेवू नकोस. पिल्लाला काच कळत नाही, पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर काचेला नाक घासत चालत राहतं. तुमच्या आळीतल्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडून मरीन प्लायच्या चार फूट बाय दोन फूट पेट्या करून घे. उंची दीड-दोन फूट, वर जाळीचं झाकण. ते झाकण पावसाळ्यात प्लास्टिकच्या शीटनं चारातले तीन भाग बंद करता आलं पाहिजे. आतून पाणी न शोषणारा लेप दे आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उन्हात ठेव. मे संपायच्या आत हे झालं पाहिजे, नंतर ऊन मिळायचं नाही. पेटी टेबलावर ठेव आणि टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. तुझी आई दुधाच्या फडताळाला करायची तसंच. लाल मुंग्या रात्रीत पिल्लाचे डोळे खातात, हे मी ऐकीव सांगत नाही.

मी 'पेट्या' लिहिलं ते मुद्दाम. दोन पिल्लं, दोन पेट्या. २०२२ मध्ये मी आमचं दुसरं पिल्लू, बटू, आणलं, आणि त्याच्यासोबत त्याचं भावंड. दोघं कधी भांडली नाहीत, चावली नाहीत, एकावर एक चढून झोपायची. आम्हाला वाटायचं, केवढी माया! मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहीत होतो. चार महिन्यांनी बटू दोनशे दहा ग्रॅम आणि भावंड शहाण्णव. ते बारकं पिल्लू बल्बखाली आलं की बटू सावकाश येऊन त्याच्या अंगावर बसायचा, ते पानाशी गेलं की तिथंही. ती माया नव्हती, हुसकणं होतं. मध्ये फळी टाकल्यावर बारकं तीन आठवड्यांत खायला लागलं. आता ते चिपळूणला एका मित्राकडे खणखणीत आहे. चिनूला वाईट वाटेल, दोघांना एकत्र खेळवायचं तिच्या मनात असणार. तिला हे वजनाचं सांग. समजूतदार पोर आहे, ऐकेल.

पेटीत खाली तीन-चार इंच नारळाचा काथ्या आणि त्याचा भुसा. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, तुझ्याच आगरात पडलेली असतात, पण खाडीच्या पाण्यात कुजवलेला काथ्या घेतलास तर गोड्या पाण्यात चार वेळा धुऊन मीठ काढ. किनाऱ्यावरची वाळू नको. पिल्लं ती पानाबरोबर गिळतात आणि आतडं बंद होतं. पाणी वरून शिंपडू नकोस, कोपऱ्यांतून ओत, म्हणजे तळ ओला राहतो आणि वरचा थर जवळजवळ कोरडा. मूठभर घेऊन दाबलास की गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. पावसाळ्यात बहुधा ओतावंच लागणार नाही. बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून टाक.

लपायला जागा हवी, आणि त्यासाठी नळीच्या कौलासारखं दुसरं काही नाही. आमच्या जुन्या गोठ्याची कौलं उतरवून ठेवली आहेत. एक कौल रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं की पोटभर पाणी पितं, मग पेटीत पालथं घालायचं, अर्धं काथ्यात पुरून. आत हात घातलास की पहाटेच्या विहिरीच्या काठासारखी ओल लागते, पण गार नाही. बटू पहिलं वर्षभर रात्री त्याच कौलात झोपला. त्याची पाठ आता येऊन बघ, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत आहे. भीमा आणि तो शेजारी बसले की मला फार काही सांगावं लागत नाही.

उबेचं नीट वाच, कारण यात आगीचा धोका आहे. एका टोकाला दिवसा साधा पांढरा बल्ब, त्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा, आणि फरशीवर पस्तीस ते सदतीस अंश. दुसऱ्या टोकाला सव्वीस-सत्तावीस, म्हणजे पिल्लू स्वतःची जागा निवडतं. लाल बल्ब परत कर. तो उजेड त्यांना दिसतो आणि रात्र रात्र वाटत नाही. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो. तो चिनी मातीच्या होल्डरमध्येच लाव, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. त्याला थर्मोस्टॅट हवाच, आणि थर्मोस्टॅटची पारा मोजणारी तार पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर. पारा सव्वीसच्या खाली जाता कामा नये.

तिसरा दिवा अतिनील किरणांच्या नळीचा, आणि पैसे वाचवायचे तर इथं वाचवू नकोस. या किरणांवर कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते नसलं तर खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच रबरासारखं मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी निरुपयोगी, काच ते किरण अडवते. पीळदार छोट्या बल्बऐवजी लांब नळी घे, जाळीच्या आतल्या बाजूला लाव, पाठीपासून फूट-दीड फुटावर. आणि वर्षानं बदल. नळी लखलखीत पेटत असते, पण तिच्यातले ते किरण आधीच मंदावलेले असतात. गणपतीनंतर ऊन पडू लागलं की सकाळी खळ्यात तासभर सोडत जा. मात्र तिथून हलू नकोस. कावळे आणि मुंगूस दोन्ही वाट पाहत असतात.

वीज गेली तर? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं तेव्हा भीमा जेमतेम नऊ महिन्यांचा होता. पत्रे उडाले, आगरातली माडं-पोफळी आडवी झाली, आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. चुलीजवळ ठेवला असता तर धुरानं गेला असता. शेवटी हर्णै बंदरावरून मासळीचं थर्माकोलचं खोकं आणलं, घासून धुतलं, झाकणाला भोकं पाडली आणि आत गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या. दर तीन तासांनी पाणी बदलायचं, रात्रीसुद्धा. आई आणि मी पाळीपाळीनं उठत होतो. दोन खोकी आत्ताच धुऊन माळ्यावर टाकून ठेव.

खाण्याचा डबा बाजूला ठेव. हे गवत खाणारं जनावर आहे. हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, तुतीची पानं, सगळं तुझ्या परसात आहे. आंबा देऊ नका, चिनू लाडानं देईल म्हणून सांगतो. अळू आणि कण्हेर पेटीच्या आसपासही नको. किनाऱ्यावर समुद्रफेन वाहून येतं ना, माकुलाचं ते पांढरं हाड, ते दोन दिवस गोड्या पाण्यात ठेवून वाळव आणि पेटीत टाक. पिल्लं ते कुरतडतात, कॅल्शियम मिळतो.

प्यायला मातीचं परळ, उथळ. आणि रोज सकाळी कोमट पाण्यात वीस मिनिटं, पाणी हनुवटीच्या खाली. हे चिनूचं काम असू दे. बटू पाण्यात ठेवला की आधी डोळे मिटून घेतो, मग मान लांब करून तोंड बुडवतो आणि गळ्याची कातडी हलताना दिसते. थोड्या वेळानं मागून पांढरं काहीतरी सोडतो. ते दह्यासारखं मऊ असलं की ठीक. रव्यासारखं कचकचीत लागलं तर पाणी कमी पडतंय.

पाण्याची एक भीती मात्र चिनूच्या आजीला समजावून सांग. आपल्या भाषेत समुद्रातलं, तळ्यातलं, जमिनीवरचं, सगळं कासवच. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहिलेले लोक घरी येतात आणि म्हणतात, याला विहिरीत सोडा की, खूश होईल. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी पाहुण्यानं प्रेमानं टबात सोडलेलं पिल्लू संध्याकाळी बुडालेलं सापडलं.

कागदाचं थोडक्यात. २०२४ च्या नियमांप्रमाणे या परदेशी जातीची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. देणाऱ्याकडची नोंद आधी पाहा आणि पिल्लं आल्यापासून तीस दिवसांत तुझ्या नावावर कर. कुणी स्वस्तात देशी स्टार कासव देऊ केलं तर हात लावू नकोस. ते पाळणं गुन्हा आहे, आणि पकडून आणताना किती मरतात ते विचारू नकोस.

एक विचार अजूनही कर. हे कासव चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि जमीन उकरतं. पेटी वर्ष-दीड वर्ष पुरेल, मग त्याला आगराचा एक तुकडा कुंपण घालून द्यावा लागेल, तोही दोघांना वेगळा. तुझ्याकडे जागा आहे म्हणूनच मी नको म्हणत नाही. पण जूनमध्ये आणू नकोस. पुण्याला फोन कर आणि पिल्लं दसऱ्यानंतर मागव. ते जमणारच नसेल तर पेट्या रिकाम्याच आठ दिवस चालवून बघ. सकाळी, दुपारी आणि पहाटे चारला पारा लिही आणि मला कळव. पहाटेचा आकडा सव्वीसच्या खाली गेला तर पिल्लं पुण्यातच राहू देत.

मी ३१ तारखेला चिपळूणहून गाडीनं कुडाळला उतरतो, तिथून एसटीनं मालवण. कौलं गोणपाटात बांधून आणतो. दोन पेट्यांना दोन पुरतील असं वाटेल, पण मी चार आणतोय. एक पेटीत असेल तेव्हा दुसरं बादलीत भिजत असायला हवं.

आईला नमस्कार, वहिनींना आणि चिनूला आठवण.

तुझा,
दिगू