पुन्हा तोच 'ण'

ऑस्टिन,
रविवार रात्र

प्रिय सुमे,

दिवाळीला फोन करते म्हणाले होते, आता संक्रांतही गेली. काय ओरडायचं ते ओरड. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर बरी. झालं तब्येतीचं.

लिहायला बसले कारण आज मी पुन्हा तेच केलं. तुझ्याशी केलं होतं ते. दुसऱ्या कुणाला सांगावं तर म्हणतील, एवढं काय त्यात?

शेजारणीचे वडील खुबा मोडल्यापासून तिच्याकडे आलेत. वय ९१, गाव फ्रेडरिक्सबर्ग, इथून गाडीने दीड तास. १८४६ मध्ये जर्मनांनी वसवलेलं. आता तिथे जिकडेतिकडे 'विलकोमेन'च्या पाट्या. पण कोर्टापासून पूर्वेला निघालं की आडव्या रस्त्यांच्या आद्याक्षरांतून स्वागत लिहिलेलं निघतं, 'ऑल वेलकम'. इंग्रजीत!

तर ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी कढीपत्त्याची कुंडी आत घेत होते आणि कुंपणापलीकडे आजोबा ओरडले, "श्टिंककात्स!" पाहिलं तर स्कंक, तो घाण वास सोडणारा प्राणी. आपल्या जर्मनच्या डेर-डी-डास बाईंनी शिकवलेला शब्द 'श्टिंकटीअर', आठवतं? पण ह्यांचे पूर्वज इथे उतरले तेव्हा असलं जनावर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, मग म्हणाले असतील घाणेरी मांजर. विमानाला 'लुफ्टशिफ' म्हणतात, हवेतलं जहाज. मी कुंपणावरूनच जर्मनमध्ये उत्तर दिलं. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. जर्मन कुठे शिकलीस? म्हटलं, पुण्याला, मॅक्सम्युलर भवनात. हसून हसून त्यांना काठी सावरेना.

तेव्हापासून दर रविवारी जाते. चकली नेली तर म्हणाले, "ब्रेत्सेल!" भाऊ जाऊन दोन वर्षं झाली, त्यानंतर ह्या टेक्ससच्या जर्मन बोलीत बोलायला कुणी उरलं नाही. लेकीला अक्षर येत नाही. टेक्ससने १९१८ मध्येच शाळा इंग्रजीत करायचा कायदा केला होता, आणि आजोबा शाळेत गेले ते दुसऱ्या महायुद्धात. घरचा शब्द तोंडातून निघाला की मधली सुट्टी बंद. मग पोरांच्या वाट्याला ते नको म्हणून घरात नवरा-बायको जर्मन बोलायचे आणि पोरं आली की इंग्रजी. सगळ्या गावाने हेच केलं. त्या काळी दीड लाखाच्या आसपास माणसं ही बोली बोलत, आता काही हजार, तीही ह्याच वयाची. न्यू ब्राउनफेल्सला, इथल्याच दुसऱ्या जर्मन गावात, १८५२ पासून जर्मन वर्तमानपत्र निघायचं, ते १९५७ पर्यंत तग धरून होतं. आजोबांच्या घरी यायचं.

आज ते बापाच्या घोड्यांची गोष्ट सांगत होते. रंगात आले होते, हात लगाम धरल्यासारखे पुढे. "मिट डी फेर्द," म्हणाले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मिट डेन फेर्डन." डाटिफ गं, डाटिफ, ती जर्मनमधली विभक्ती! ह्यांच्या बोलीत ते जवळजवळ राहिलंच नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी.

ते थांबले. हात मांडीवर घेतले. मग इंग्रजीत म्हणाले, "मी कधी नीट शिकलोच नाही." आणि पुढची गोष्ट इंग्रजीत. घोडा तोच, पण मेलेला.

सुमे, मला एकदम आपली मेसची रांग दिसली. तू म्हणालीस, "पानी दे," आणि मी सगळ्यांदेखत, "ण म्हण, ण." वर स्वतःच हसले. त्यानंतर तू जिन्याखालच्या फोनवर भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलायला लागलीस, "माय, कशी शे तू?" मी वरच्या पायरीवरून ऐकलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. (माझा कंगवा तूच लपवलास, हे मात्र मी अजूनही मानते.)

आता खरी भानगड अशी. इथल्या विद्यापीठात हान्स बोआस नावाचे प्राध्यापक २००१ पासून ह्या बोलीची ध्वनिमुद्रणं करताहेत, शेकडो म्हाताऱ्यांची केलीत. मी महिनाभर मागे लागून आजोबांना तयार केलं होतं, येत्या शुक्रवारी माणसं यायची आहेत. निघताना म्हणतात, "त्यांना सांग, नीट जर्मन येणारा कुणी शोधा." लेकीला वाटतंय थकले असतील. तिला काय सांगू? तुझ्या बापाची भाषा मी दुरुस्त केली?

माफी मागावी तर कुठल्या भाषेत? जर्मनमध्ये मागितली तर पुन्हा माझं डाटिफ बरोबर येणार. ह्यांना विचारलं तर म्हणाले, चिवडा ने. पुरुषांना प्रत्येक गोष्टीवर चिवडा सुचतो.

मुग्धाचं ठरलं, फोटो पाहिला, मुलगा तुझ्या भावासारखा दिसतो! मे महिन्यातली तारीख असेल तर येतेच. घराचं पाणी गळणं थांबलं का? वहिनींना नमस्कार.

तू माझ्याशी एकोणीस दिवस बोलली नव्हतीस. मी मोजले होते. विसाव्या दिवशी तू आपणहून माझ्या ताटात लोणचं वाढलंस आणि मुद्दाम मोठ्यांदा म्हणालीस, "लोनचं घे." मधे मी काहीतरी केलं असणार ना, की नव्हतंच केलं? मला काही केल्या आठवत नाही. तू आठवून सांग. शुक्रवारच्या आत सांग, फोन कर, रात्री-बेरात्री कर.

तुझी,
नंदी