लसीचं कार्ड घेऊन ये

अमळनेर

चि. भूषण यास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या वॉर्डातल्या पेशंटवरून मी फोनवर चिडले, तू फोन ठेवून दिलास. बोलणं अर्धंच राहिलं म्हणून लिहितेय. कावीळ ब-च्या लसीचा तिसरा डोस घेतलास का, ते आधी कळव.

आता त्या समलिंगी पेशंटचं. ‘तसला आहे’ म्हणून त्याच्या गळवाच्या ड्रेसिंगला तू दोन-दोन ग्लोव्हज चढवलेस, आणि शेजारच्या कॉटवरच्या आजोबांची सलाइनची सुई उघड्या हातांनी काढलीस. हे उलटं झालं रे. एचआयव्ही किंवा कावीळ कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. रक्त, पू, लघवीशी संबंध आला की ग्लोव्हज, पेशंट बदलला की नवी जोडी, काढल्यावर हात धुणं, हे सगळ्यांना सारखं. ग्लोव्हज लाल पिशवीत, भरलेलं गॉज पिवळ्या पिशवीत, सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या डब्यात. टोपण लावायला गेलं की टोचते. टोचलीच तर बोट पिळू नकोस, चोखू नकोस. साबण-पाण्याने धू, इन्चार्जला लगेच सांग, रजिस्टरला नोंद कर. पीईपीची, म्हणजे एचआयव्ही टाळायच्या औषधाची, पहिली गोळी दोन तासांत पोटात गेली तर उत्तम, ७२ तासांच्या पुढे जाऊ द्यायची नाही, आणि कोर्स पूर्ण २८ दिवसांचा. कावीळ ब-ला मात्र लसच. तिसरा डोस सहाव्या महिन्याला, मग एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती संरक्षण आलं ते मोजायची टेस्ट, तो १० च्या वर हवा. बघ, पुन्हा तिथेच आले.

तुला वाटतं, काम केलं ना, मग तोंड वाकडं झालं तर काय बिघडलं? नाक मुरडलेलं पेशंटला मास्कआडूनही दिसतं. मग तो दुखतंय कुठे ते सांगत नाही, स्राव लपवतो, ‘बसून बसून झालं’ म्हणतो. डॉक्टर त्यावरच औषध लिहितात. तो पुन्हा ड्रेसिंगला आलाच नाही, तर गळवात भरलेलं पॅकिंग आतच कुजतं.

आपल्याकडे ॲडमिशनला पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुन्हं लगन व्हयनं का?’ त्यातून काही कळत नाही. आपल्या भागात लग्न झालेले समलिंगीही पुष्कळ आहेत. पडदा ओढ, नातेवाइकांना बाहेर बसव आणि सरळ विचार: ‘संबंध पुरुषाशी, बाईशी की दोघांशी? उपचारासाठी लागतं, सगळ्यांनाच विचारतो.’ उत्तर आलं की भुवई हलवायची नाही. बाईचे संबंध बाईशीच असले तरी गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये, त्या कॅन्सरचा विषाणू, एचपीव्ही, तसाही पसरतो. पुरुष आहेस म्हणून ती तुला सांगणार नाही, सिस्टरला पुढे कर. कॉटवर लाल खूण नको, ड्यूटी बदलताना कुजबुज नको. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट फोडणंही नाही. आणि समलिंगी असणं हा मुळात आजारच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ पासून सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध आपल्याकडे गुन्हा नाहीत.

हे सगळं तुला नर्सिंग कॉलेजात शिकवलंच असेल. म्हातारी लेक्चर देते म्हणशील, माफ कर.

तरी एक राहिलंच. त्या पेशंटचा जोडीदार दाराशी उभा होता, त्याला तू ‘फक्त नातेवाईक’ म्हणून हाकललंस. सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालात अशा लग्नाला मान्यता मिळाली नाही, म्हणजे कागदावर तो कुणीच नाही. म्हणूनच शुद्धीत असलेल्या पेशंटलाच विचारायचं, ‘माहिती कुणाला द्यायची? जवळ कोण थांबणार?’ आणि ते नाव, नंबर फाइलवर लिहून त्याची सही घ्यायची. पेशंट सज्ञान असेल तर संमती त्याची स्वतःची, काकाची नव्हे. मामांच्या वेळी बाहेरच्या बाकावर रात्रभर कोण बसलं होतं, ते तुला ठाऊक आहे. जास्त लिहीत नाही.

अण्णा आता पारावर ‘आमचा ब्रदर’ म्हणून सांगत असतात. आधी काय म्हणायचे, ते विसरले. मी विसरले नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

कानबाईच्या सणाच्या रोटांना तुझ्या नावाचे सव्वा मूठ गहू काढून ठेवलेत. नाइट बदलून घे. येताना लसीचं कार्ड आण, मला तारीख बघायचीय.

तुझी
माय