कृषी सहायक ताईंना : निकाल लागण्याआधीच आभार

ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या देशी बियाण्याच्या पुरस्कारासाठी केलेल्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. लागल्यावरच लिहू असं आमच्या बियाणे समितीत चाललं होतं, मीच म्हटलं आत्ताच लिहायचं. पुरस्कार मिळाला की स्टेजवर आभार मानायचे असतात आणि तिथे आधी आमदार, मग मोठे साहेब, मग बँकेचे मॅनेजर अशी रांग लागते. राबलेली माणसं शेवटी ‘ज्ञात-अज्ञात’मध्ये उरकतात. आणि पुरस्कार हुकला तर आभाराचं पत्र कोणी लिहीतच नाही. म्हणून हे मधल्या काळातलं. नाव छापू नका म्हणालात, बदलीच्या जागी उगाच चर्चा नको, ते पाळलंय. तुमचं पदनाम आता ‘सहायक कृषी अधिकारी’ झालंय म्हणे. आमच्या अंगणात तुम्ही कृषी सहायक ताईच.

आमचा तालुका अकोले. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हापासून देशी बियाण्याचा विषय निघाला की आमच्याकडे एकच बोलणं : ते झालं राहीबाईंचं, आपल्याला कोण विचारतंय? वाल-घेवड्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवणाऱ्या बायका तर आमच्या वाडीतही घरोघर आहेत. तुम्ही एका मीटिंगला आलात आणि सांगितलंत की असा एक पुरस्कार आहे जो एका माणसाला देतच नाहीत, गावाला किंवा गटाला देतात. ‘प्लांट जीनोम सेव्हियर कम्युनिटी अवॉर्ड’, म्हणजे पिकांचे जुने वाण राखणाऱ्या समुदायाचा पुरस्कार. दिल्लीचं वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरण देतं, वर्षाला जास्तीत जास्त पाच, प्रत्येकी १० लाख रुपये. एकट्या शेतकऱ्यासाठी वेगळे आहेत, दीड लाखाचे आणि एक लाखाचे. पैसे राष्ट्रीय जनुक निधीतून येतात. १० लाख म्हटल्यावर मीटिंगमधले मागे बसलेले पुरुष पुढे सरकले, ते तुम्हीही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

त्याच आठवड्यात तालुक्याचा एक जण दारात आला. ‘फाइल मी बनवतो, मंजूर झालं तर टक्केवारी.’ असे लोक प्रत्येक योजनेच्या मागे असतात, नवीन काही नाही. आमच्यातल्या दोघी-तिघी तयारही झाल्या होत्या, कारण इंग्रजी फॉर्म बघूनच हात गारठतात. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, ‘या अर्जाला एक रुपया फी नाही. आणि तो माणूस तुमच्या भाताबद्दल काय लिहिणार, त्याला विचारा.’ विचारलं. त्याला ढवूळ आणि जिरवेल या दोन भातांमधला फरक सांगता आला नाही. विषय तिथेच संपला.

मग अर्ज लिहायला बसलो. आजवर इतके अर्ज भरलेत की पेन हातात आलं की आपोआप ‘आम्ही अतिदुर्गम भागातील गरीब आदिवासी महिला’ असंच निघतं. घरकुल असो, विहीर असो, शिलाई मशीन असो, हलाखी लिहिली की काम होतं अशी सवयच लागलीय. सरकारी कागदांनीच ती लावलीय, आमचा दोष मी काही मानत नाही. तुम्ही ते पान वाचलंत आणि विचारलंत, ‘यात भात कुठाय?’ खरंच नव्हतं. पानभर आमच्याकडे काय नाही तेच होतं. या फॉर्मला मात्र तुमच्याकडे काय आहे ते हवं होतं : कोणते वाण, किती क्षेत्रावर, कोणाकोणाकडे, कशासाठी राखले, बी दुसऱ्यांना दिलं का, कोणाला.

त्यातला एक रकाना मला जन्मभर लक्षात राहील : किती वर्षांपासून जतन? आम्ही लिहिलं, पूर्वापार. तुम्ही म्हणालात, पूर्वापार म्हणजे कोणापासून, ते सांगा. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना विचारलं की काळभात तुमच्याकडे आला कुठून. त्या म्हणाल्या, सासूच्या माहेरून. सासूचं माहेर कुठलं? घाटाखालचं. मग दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं, आणि वहीवर जे उमटायला लागलं ते बघून तुम्हीही गप्प झालात. रायभोग भात एका सुनेच्या ओटीत आलेला. लांब शेंगेचा वाल बाळंतपणाला माहेरी गेलेली लेक पदरात बांधून घेऊन आलेली. एक भात असा निघाला की तो दुष्काळात आमच्याकडून बुडाला होता आणि दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीकडून परत आला. सातबारा बापाच्या नावावर, बियाण्याची वंशावळ मात्र सगळी बायकांची. आम्ही रोज जगत होतो ते, पण एका कागदावर कधी पाहिलं नव्हतं. ‘हाच पुरावा,’ असं तुम्ही म्हणालात आणि त्या आजींचा अंगठा त्या पानाखाली घेतलात. फॉर्ममध्ये त्याची काही गरज नव्हती. बरं केलंत.

मोजमापाचं प्रकरण वेगळंच. आवणीची म्हणजे रोपं लावल्याची तारीख लिहा, निम्म्या लोंब्या निसवल्या, बाहेर पडल्या, तो दिवस लिहा, खाचराच्या मधली झाडं धरा, बांधाकडची धरू नका कारण तिथे वारं-ऊन जास्त लागून ती वेगळी वाढतात. चुडाचे फुटवे मोजा. धरलेल्या झाडांना गोधडीचा रंगीत दोरा बांधायचा, प्रत्येक वाणाचा रंग वेगळा. पोराच्या दप्तरातली पट्टी आणि शिंप्याचा टेप घेऊन बायका गुडघाभर चिखलात उभ्या, आणि बांधावरून जाणारा प्रत्येक जण विचारणार, ‘काय, भाताला सदरा शिवताय का?’ हसलो आम्हीही. पण त्या मोजणीतूनच कळलं की दोन घरांतला काळभात एक नाही. साळ दोन्हींची काळी, वास दोन्हींना, पण एकाच्या दाण्याला कुसळ आहे आणि दुसऱ्याला नाही, निसवायलाही पुढे-मागे. आम्ही म्हणत होतो, एकच लिहून टाकू, लफडं नको. तुम्ही दोन ओळी करायला लावल्यात. ज्या घरची ती साळ, ती बाई त्या दिवसापासून कुसळवाल्या काळभाताला ‘माझा’ म्हणते.

सह्या-शिक्क्यांचं फार लिहीत नाही. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष-सचिवांची शिफारस चालते हे तुमच्यामुळे कळलं, आणि अशी समिती आपल्या ग्रामपंचायतीत कागदावर आहे हेही तुमच्यामुळेच कळलं. जैवविविधता कायदा २००२ चा. समिती एकदाही बसलेली नव्हती. आमच्या निमित्ताने बसली, चहा झाला, सही झाली.

सगळ्यात मोठं काम मात्र तुम्ही अर्जाबाहेर केलंत. गावात कुणीतरी उठवलं की दिल्लीला नाव कळवलं की बी सरकारजमा होतं, नाहीतर कंपनी येऊन नेते, मग आपलंच बी आपल्याला विकत घ्यावं लागतं. दोन घरांनी तर मडकी आत नेऊन ठेवली. तुम्ही वनस्पती वाण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याची प्रत आणलीत, कलम ३९ मोठ्याने वाचलंत. शेतकऱ्याने आपलं बी राखावं, पेरावं, पुन्हा पेरावं, बदलावं, वाटावं, विकावं; फक्त ब्रँडचं लेबल लावून विकू नये. मग हेही सांगितलंत की पुरस्काराचा अर्ज वेगळा आणि वाणाची नोंदणी वेगळी. नोंदणी केली तर तो वाण आपला म्हणून कायद्याने धरला जातो, भातासारख्या पिकाला १५ वर्षं, शेतकऱ्याला त्याचीही फी नाही. पण त्यासाठी बी द्यावं लागतं आणि वाण वेगळा, एकसारखा, टिकाऊ आहे का याची चाचणी होते. घाई करू नका, आधी बी निवडून शुद्ध करा, म्हणालात. दुसऱ्या कुणी असतं तर आकडा दाखवायला त्याच वर्षी सगळे फॉर्म भरून घेतले असते. तुम्हालाही वरून उद्दिष्ट असणारच.

आणि ‘नाही’ म्हणालात त्याचे आभार. पोह्यांची गिरणी टाकायची म्हणून या अर्जात तेही घुसडायचा आमचा विचार होता. त्याला दार दुसरं आहे हे तुम्ही सांगितलंत : सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना, खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, एकट्याला वरची मर्यादा १० लाख, बचत गटाच्या सभासदाला बीज भांडवल ४० हजारांपर्यंत, पण अनुदान कर्जाशी जोडलेलं, आधी बँक, मग अनुदान, आणि अनुदानाची रक्कम लगेच हातात पडत नाही. ते ऐकून अर्ध्या जणी उठल्या. उरल्या त्यांचं खरंच बघू. कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे समाजकार्यासाठीच्या पैशाचंही तसंच. आपली समिती अजून ना संस्था, ना ट्रस्ट. आयकराची १२ए, ८०जी नोंदणी आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हे कागद असल्याशिवाय तिकडे हेलपाटे घालू नका, हे तुमचं वाक्य मी आता दुसऱ्या गटांना ऐकवत असते, जसं काही माझंच आहे.

इकडची खबर अशी. कार्तिकात कापणी झाल्यावर वही घेऊन बसलो तेव्हा शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायका आल्या. त्यांना जिरवेल हवा होता, आम्हाला त्यांचा तामकुडा. अदलाबदल झाली, आणि कोणी कोणाला किती पायली दिलं ते तारखेसह लिहिलं. बी न्यायचं तर दुसऱ्या वर्षी दीडपट परत करायचं, असं ठरलंय. यात प्राधिकरणाचा काही संबंध नाही, निकाल काहीही लागो, ही वही चालू राहील. एका नातीने ती मोबाइलवर उतरवायला घेतलीय, फोटोसकट. तिचं म्हणणं, आजीच्या अक्षरातलं ‘ढ’ आणि ‘द’ वेगळं करणं हेच मोठं संशोधन आहे.

कुसळवाल्या काळभाताच्या निवडीचं हे दुसरं वर्ष. नोंदणीचा अर्ज या खेपेला आम्हीच लिहिणार आहोत, मराठीत आधी कच्चा. इंग्रजी करून देणारी कॉलेजची पोर मिळालीय. तुमच्या नव्या गावाकडे एसटी थेट जाते असं कळलं. रविवारी आलो तर अर्ज वाचून द्याल का? लाल पेन तुमचंच आणा, आमच्याकडची सगळी शाळेत गेलीत.

तुमची,
बियाणे समितीची सचिव
(आणि जिला वहीत स्वतःचं नाव पहिल्यांदा ‘संवर्धक’ या रकान्यात दिसलं, ती)